दगडावरची दगडफुलं ओळखताय? मग या चुका टाळा

पावसाळा सरत आला की सिंहगड, राजगड, तोरणा करून उतरलेल्या मंडळींचे फोटो येऊ लागतात. काळा कातळ, त्यावर पिवळट हिरवा डाग, डागात काळे ठिपके. खाली प्रश्न नसतो, थेट निकाल असतो, एका दगडफुलाच्या शास्त्रीय नावासकट: "रायझोकार्पॉन जिओग्राफिकम सापडलं!" कुणी "नक्की का?" असं विचारलंच, तर उत्तर तयार असतं: "अ‍ॅपने सांगितलं."

अ‍ॅपचं काय जातंय! त्याने युरोप-अमेरिकेतले फोटो ढिगाने पाहिलेत, पुण्यातल्या वेताळ टेकडीवरचे फारसे नाहीत. त्याला त्यातल्या त्यात जवळचं वाटलं ते नाव त्याने दिलं. ते खरं मानायची घाई आपली.

दगडावरच्या दगडफुलांत, म्हणजे कवक आणि शैवाल एकत्र राहून बनलेल्या लायकेनमध्ये, नाव सगळ्यात शेवटी येतं. आधी दगड, मग भिंग, मग रसायनाचा थेंब, मग सूक्ष्मदर्शक. गडावरून खाली पार्किंगपर्यंत पोचायच्या आत नाव हवं असणाऱ्यांनी पक्षी बघावेत, ते निदान ओरडून तरी सांगतात. खालच्या बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्यामुळे होतात. त्यातल्या दोन बघून बघून माझं डोकं उठलंय, म्हणून त्यांच्यावर जरा जास्त लिहिणार आहे.

पहिली चूक: आल्प्समधलं दगडफूल हवेली तालुक्यात शोधणं

रायझोकार्पॉन जिओग्राफिकम हे या जगातलं सगळ्यात प्रसिद्ध नाव. लिनियसने १७५३ मध्ये जवळजवळ सगळी दगडफुलं 'लायकेन' या एकाच प्रजातीत (जीनस, म्हणजे जातींचा गट) कोंबली होती. त्यात हे 'लायकेन जिओग्राफिकस' होतं. १८०५ मध्ये द कॅन्डॉल या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते रायझोकार्पॉनमध्ये नेलं. आजचा त्याचा पत्ता असा: कवकांची सृष्टी, संघ अ‍ॅस्कोमायकोटा, वर्ग लेकॅनोरोमायसीटीस, गण रायझोकार्पेल्स, कुल रायझोकार्पेसी. जुन्या पुस्तकांत गण लेकॅनोरेल्स दिलेला सापडेल. तो उतरवून घेऊ नका. २००५ साली या दगडफुलाला फोटॉन यानातून अवकाशात नेऊन पंधराएक दिवस उघड्यावर ठेवलं होतं आणि ते जिवंत परत आलं. इतकं चिवट.

प्रसिद्ध असल्यामुळे पुस्तकात पहिला फोटो त्याचा, आणि नवशिक्याच्या तोंडात पहिलं नावही त्याचंच. पण ते राहतं थंडीत. आर्क्टिक, आल्प्स, हिमालयातली उंची ही त्याची घरं. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटरवर. मे महिन्यात दुपारी कल्याण दरवाज्याजवळच्या उघड्या कातळावर तळहात टेकवून बघा, बाकी काही सांगायला लागणार नाही. "पण त्याला सिलिकेटचा दगड लागतो आणि बेसॉल्ट सिलिकेटचाच आहे," असं मला ऐकवलं जातं. दगड जुळला म्हणून हवा जुळत नाही.

तरीही शंका राहिली तर चार गोष्टी तपासा. एक, पिवळ्या-हिरव्या तुकड्यांच्या मधून आणि डागाच्या कडेने काळा थर दिसतो का. दोन, काळी फळं, म्हणजे बीजाणू तयार करणारे ते ठिपके, तुकड्यांच्या मधल्या फटीत आहेत की तुकड्यांवर बसली आहेत. रायझोकार्पॉन जिओग्राफिकममध्ये ती मधे असतात, साधारण तुकड्यांच्याच पातळीत. तीन, आतल्या पांढऱ्या थराला आयोडीन लावल्यावर तो निळा होतो का. चार, बीजाणू. या चौथ्यापाशी सगळ्यांचा उत्साह संपतो, कारण त्यासाठी अर्धं ब्लेड घेऊन फळाचा पातळ काप काढावा लागतो आणि कुणाच्या तरी सूक्ष्मदर्शकापाशी जाऊन बसावं लागतं.

पण निकाल तिथेच लागतो. रायझोकार्पॉन जिओग्राफिकमचा बीजाणू गडद, आडव्या-उभ्या पडद्यांनी अनेक कप्प्यांत विभागलेला, आणि भोवती पारदर्शक चिकट वलय. ब्युएलिया या दुसऱ्या दगडफुलाचा बीजाणू तपकिरी आणि दोन कप्प्यांचा. लेकॅनोराच्या फळातल्या बीजाणूंच्या एका पिशवीत साधारण आठ, रंगहीन, पडदा नसलेले. अ‍ॅकरोस्पोराच्या एका पिशवीत शंभरावर बारीक बीजाणू भरलेले असतात. ते पहिल्यांदा बघताना माणूस मोजायचं सोडून देतो. वरून बघताना या चौघांत गल्लत होऊ शकते. आतून मात्र त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आता ही चूक कुठपर्यंत जाते ते सांगतो. एक इंजिनिअर मुलगा होता, हुशार, मेहनती. त्याने कुठेतरी लायकेनोमेट्रीबद्दल वाचलं. म्हणजे दगडफुलाच्या व्यासावरून दगड किती वर्षं उघड्यावर आहे ते काढायचं. पद्धत खरी आहे. रोलंड बेशेल या ऑस्ट्रियन माणसाने १९५० मध्ये ती मांडली आणि हिमनद्या कधी मागे सरकल्या हे शोधायला ती वापरतात, मुख्यतः याच रायझोकार्पॉनवर. पठ्ठ्याने व्हर्निअर कॅलिपर घेऊन सिंहगडाच्या तटावरचा सगळ्यात मोठा डाग मोजला, वर्षाला अर्धा मिलिमीटर हा दर लावला, आणि तटाचा तो भाग तानाजी मालुसऱ्यांच्या १६७० च्या लढाईच्याही कितीतरी आधीचा असल्याचं सिद्ध केलं. स्लाइड्स तयार होत्या. एका इतिहासप्रेमी मंडळात भाषणही ठरलं होतं.

मला त्याने भाषणाआधी दाखवलं, हे त्याचं नशीब. आम्ही दोघं वर गेलो. भिंग लावल्याबरोबर पहिली गोष्ट दिसली: तो डाग एक नव्हताच. पाच-सहा वेगवेगळे डाग वाढत वाढत एकमेकांना भिडले होते आणि त्यांच्यामधल्या बारीक रेघा उघड्या डोळ्यांना दिसत नव्हत्या. दुसरी गोष्ट, त्याने वापरलेला दर त्रिज्येचा होता आणि त्याने मोजला होता व्यास. म्हणजे वय तिथेच दुप्पट झालेलं. तिसरी, त्या दगडांच्या सांध्यांत सिमेंट होतं. भिंत अलीकडे दुरुस्त केलेली, दगड जुनेच परत बसवलेले. दगडफूल दगडाबरोबर आलेलं असू शकतं. ते भिंतीचं वय कसं सांगणार? आणि चौथी, गडाखालच्या वाटेवर एका सुट्या दगडावर तेच दगडफूल होतं. त्याची कपची घरी आणून काप काढला, तर बीजाणू तपकिरी आणि दोन कप्प्यांचे. ब्युएलिया. रायझोकार्पॉन नव्हतंच.

"पण काका, नेटवर तर दर दिलाय," तो म्हणाला.

"अरे, तो आल्प्सचा दिलाय. तू उभा आहेस सिंहगडाखालच्या डोणज्याच्या वर."

लायकेनोमेट्रीला वाढीचा आलेख त्याच भागातल्या, वय नक्की माहीत असलेल्या दगडांवरून बनवावा लागतो: तारीख कोरलेल्या कबरी, जुने पूल, नोंद असलेली बांधकामं. तोही त्याच जातीचा. तो आलेख हातात नसेल तर कॅलिपर घरी ठेवा. भाषण त्या मुलाने रद्द केलं, आणि पुढे तोच माझ्यापेक्षा चांगले काप काढायला लागला.

दुसरी चूक: बाटलीत काय आहे हे न बघता थेंब टाकणं

विल्यम नायलँडर या दगडफुलांच्या अभ्यासकाने १८६६ मध्ये दाखवून दिलं की दगडफुलावर साध्या रसायनांचे थेंब टाकले तर आतल्या आम्लांप्रमाणे रंग बदलतो. या चाचण्यांना के आणि सी म्हणतात. के म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं साधारण दहा टक्क्यांचं द्रावण. सी म्हणजे ब्लीच. त्यानंतरची पी चाचणी पॅराफिनिलिनडायअमीनची. हे काळ्या हेअर डायमध्ये असतं, विषारी आहे, आणि घरच्या टेबलावर त्याचं काहीही काम नाही. नवशिक्यांनी पी विसरून जावी. के आणि सीमध्येच पुरेसे घोटाळे होतात.

एका कॉलेजमध्ये शिबिर होतं. वनस्पतिशास्त्राची पोरं, उत्साह दांडगा. सी चाचणीसाठी "ब्लीच आणा" असं सांगितलं होतं, तर एकाने दुकानातून टॉयलेट साफ करायची निळी बाटली आणली. तीवर लिहिलेलं वाचायची तसदी कुणी घेतली नाही. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. सकाळभर प्रत्येक नमुन्यावर थेंब पडत होता आणि वहीत "सी उणे, सी उणे", म्हणजे रंग बदलला नाही, अशी नोंद होत होती. मधेच जुन्या चुन्याच्या ढेकळावरच्या एका नमुन्यावर थेंब टाकला आणि फस्सकन फेस आला. टाळ्या पडल्या. रिअ‍ॅक्शन मिळाली म्हणून! आम्लाने चुना उकळला होता. दगडफुलाचा त्यात काही हात नव्हता.

मी दुपारी पोचलो तेव्हा एकाच्या डोक्यात प्रकाश पडला होता. त्याने खरं ब्लीच आणलं आणि काय करावं? त्याच काचेच्या बशीत ओतलं. आम्ल आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. पुढची दहा मिनिटं खिडक्या उघडण्यात, खोकण्यात आणि सगळ्यांना व्हरांड्यात हाकलण्यात गेली. कुणाला काही झालं नाही, कारण बशी लहान होती. बादली असती तर हा किस्सा मी असा हसत लिहिला नसता. त्यामुळे हे एक वाक्य पाठ करा: ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एका टेबलावरसुद्धा ठेवायचे नाहीत.

माझी पद्धत सांगतो. सीसाठी मी टाकी धुवायची ब्लीचिंग पावडर आणतो, बंद पुडा, नवीन. चिमूटभर पाण्यात कालवायची, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी वापरायचं आणि संध्याकाळी फेकून द्यायचं. बाटलीतलं ब्लीच चालतं, पण उन्हाने आणि उष्णतेने ते मरतं. एप्रिलमध्ये स्कूटरच्या डिकीत आठवडाभर फिरलेली बाटली म्हणजे पाणीच. केचं द्रावण प्लॅस्टिकच्या बाटलीत घट्ट झाकणाने ठेवा. झाकण ढिलं राहिलं तर ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कार्बोनेट होतं. दिसतं तसंच, काम करत नाही. आणि हाताला लागलं तर जळतं, तेव्हा लगेच धुवा.

कुठलीही चाचणी सुरू करण्याआधी, ज्याचं उत्तर माहीत आहे अशा तुकड्यावर थेंब टाका. सीसाठी माझ्याकडे पार्मोट्रेमा टिंक्टोरम या दगडफुलाचा तुकडा कायम डबीत असतो. आतल्या पांढऱ्या थरावर ताजा सी पडला की तो लाल होतो. झाला नाही तर सी मेला. मग बाकीच्या नमुन्यांवरच्या "उणे"ला काही अर्थ नाही. केसाठी कॅलोप्लाका या नारिंगी दगडफुलाचा कण ठेवतो. त्यातल्या पॅरिएटिन या रंगद्रव्यामुळे तो जांभळट लाल होतो. या कामाला मिनिटही लागत नाही, आणि तरीही शंभरातले नव्वद जण ते करत नाहीत. का, ते देव जाणे.

थेंब कुठे टाकायचा हेही ठरलेलं आहे. वरच्या सालीवर एक उत्तर मिळतं, आतल्या पांढऱ्या थरावर दुसरं. ब्लेडच्या टोकाने साल खरवडून पांढरं उघडं करा, काडीच्या टोकाने बारीक थेंब लावा, आणि मग थांबा. थांबणं हाच चाचणीचा निम्मा भाग आहे. झँथोपार्मेलियाचं उदाहरण घ्या. पानासारखी, पिवळट हिरवी, दगडाला चिकटलेली दगडफुलं. त्यात आयसिडिया, म्हणजे पृष्ठभागावरच्या बारीक काड्या, असलेल्या चार जाती वरून बघताना अगदी सारख्या दिसतात. कॉन्स्पर्सा आणि प्लिट्टायमध्ये स्टिक्टिक आम्ल असतं. केने आतला थर पिवळा होतो आणि नारिंगीकडे जातो. टिंक्टिना आणि मेक्सिकानामध्ये सॅलॅझिनिक आम्ल असतं. तेही आधी पिवळंच होतं, आणि मग हळूहळू रक्तासारखं लाल. पिवळं दिसताक्षणी वहीत नोंद करून पुढे गेलेल्या माणसाने चारांतल्या दोन जाती कायमच्या चुकवल्या. मग प्रत्येक जोडीतला निकाल खालच्या बाजूच्या रंगावर लागतो: कॉन्स्पर्सा आणि टिंक्टिना खालून काळ्या, प्लिट्टाय आणि मेक्सिकाना खालून तपकिरी. फोटोत खालची बाजू कधीच नसते. आता अ‍ॅपला विचारा.

थेंब नेहमी घरी, काढलेल्या कणावर, काचपट्टीवर टाकायचा. गडाच्या दगडावर किंवा लेण्यात नाही.

एका शॉर्टकटला मात्र माझी पूर्ण परवानगी आहे. नोटा तपासायची जांभळी टॉर्च घ्या, खोलीत अंधार करा, आणि पिक्साइन कोकोज या दगडफुलावर मारा. त्यातल्या लायकेक्झँथोन या रसायनामुळे ते झगझगीत पिवळं चमकतं. स्वस्त, निरुपद्रवी, आणि पोरं खूश.

तिसरी: वहीत नुसतं "दगड" लिहिणं

कुठला दगड? पुण्याचा कातळ बेसॉल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यावर व्हिनेगर टाकलं तर काही होत नाही. पण त्याच बेसॉल्टच्या चिऱ्यांची भिंत चुन्यात बांधली असेल तर सांध्यांतला चुना फसफसतो, आणि तिथे राहणारी दगडफुलं वेगळी असतात. दोन बोटांच्या अंतरावर चिऱ्यावर एक जात, सांध्यात दुसरी. कंपाउंडच्या सिमेंटवर चुनखडकाची हौस असलेल्या जाती बिनदिक्कत येतात. बेसॉल्टच्या पोकळ्यांतही कधी कॅल्साइट असतं. ते फसफसतं, शेजारचं झिओलाइट तसं फसफसत नाही. पाचगणीच्या टेबललँडवर गेलात तर पायाखाली जांभा असतो. ओळखायची 'की' (एकेक प्रश्न विचारत नावापर्यंत नेणारी किल्ली) उघडली की पहिल्या दोन-चार प्रश्नांतच हा प्रश्न येतो, आणि तेव्हा "दगड" या उत्तराने कुठेच जाता येत नाही.

माझ्या प्रत्येक पुडीवर पेन्सिलीने दगडाचा प्रकार, उतार कुठल्या दिशेला, ऊन की सावली, आणि पाणी वरून ओघळतं का, एवढं असतं. पेनने लिहू नका, दमट हवेत शाई फुटते.

नारिंगी दिसलं की कॅलोप्लाका

पावसाळ्यात जुन्या वाड्यांच्या आणि सोसायट्यांच्या भिंती गंजल्यासारख्या नारिंगी होतात. ते बहुतेकदा ट्रेंटेपोहलिया असतं. ते शैवाल आहे, हिरव्या शैवालांच्या गटातलं, पण कॅरोटिनमुळे नारिंगी दिसतं. भिंगातून बघितलं तर बारीक मखमली तंतू दिसतात, ना कड, ना फळं. के टाका, जांभळा रंग येत नाही. गंमत म्हणजे हेच ट्रेंटेपोहलिया काही दगडफुलांच्या आत भागीदार म्हणूनही राहतं, पण भिंतीवर ते स्वतंत्रपणे नांदत असतं.

आणि खरंच कॅलोप्लाका निघालं तरी लगेच जातीचं नाव लावू नका. २०१३ मध्ये आरुप, सोख्टिंग आणि फ्रोडेन यांनी टेलोस्किस्टेसी कुलाची फेरमांडणी केली, तेव्हा ही प्रजाती अनेक तुकड्यांत वाटली गेली. जुन्या यादीत "कॅलोप्लाका अमुक" असलेलं आता दुसऱ्याच प्रजातीत असू शकतं. नाव लिहिण्याआधी आजचं नाव तपासा. झँथोपार्मेलियाचंही तेच: मेसन हेलने १९७४ मध्ये ती स्वतंत्र प्रजाती केली, आणि अजूनही लोक "पार्मेलिया कॉन्स्पर्सा" लिहितात.

ओलं असताना रंग लिहिणं

कीमधला रंग कोरड्या दगडफुलाचा असतो. ओलं झालं की वरची साल पारदर्शक होते आणि आतलं हिरवं शैवाल दिसायला लागतं. जुलैत ताम्हिणीत काढलेला हिरवागार फोटो आणि मार्चमधला राखाडी डाग एकाच जागचे असू शकतात. दोन्ही रंग लिहा.

"शेवाळ आहे हो" किंवा "लायकेन नावाची वनस्पती"

शाळेच्या पुस्तकाने केलेला हा गोंधळ अजून उतरत नाही. दगडफुलात कवक आणि शैवाल (किंवा सायनोबॅक्टेरिया) एकत्र राहतात, हे श्वेंडेनर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात मांडलं तेव्हा त्याची भरपूर टिंगल झाली. आज जातीचं नाव हे आतल्या कवकाचं नाव असतं. शैवालाला त्याचं स्वतःचं वेगळं नाव असतं. त्यामुळे 'लायकेन' असा कुठलाही वर्ग किंवा गण नाही.

एका उन्हातल्या दगडावरच याचा पुरावा मिळू शकतो. नारिंगी कॅलोप्लाका लेकॅनोरोमायसीटीस वर्गातलं. त्याच्या शेजारी दगडात रुतलेल्या काळ्या ठिपक्यांचं व्हेरुकेरिया युरोशिओमायसीटीसमधलं, म्हणजे पेनिसिलियम ज्या वर्गात आहे त्या वर्गातलं. आणि ऑलिव्ह-तपकिरी खवल्यांचं पेल्ट्युला, ज्याच्या आत सायनोबॅक्टेरिया असतात, ते लायकिनोमायसीटीसमधलं. तीन शेजारी, तीन वर्ग. कवकांनी ही भागीदारी वेगवेगळ्या घराण्यांतून केलेली आहे, म्हणून "लायकेनचं वर्गीकरण सांगा" या परीक्षेतल्या प्रश्नाला एका ओळीत उत्तर नाही.

काळे पट्टे, पांढरे डाग

कड्यावरचे लांब काळे ओघळ बहुतेकदा सायनोबॅक्टेरियांचे असतात. पांढरे डाग: आधी पक्ष्यांची शिट, चुन्याचे शिंतोडे आणि ट्रेकिंग ग्रुपच्या बाणांचा जुना रंग वगळा. भिंगात तुकडे, कड किंवा फळ दिसलं तरच पुढे जा.

फोटो

जवळून, सावलीत, फ्लॅश न मारता, बाजूला पट्टी ठेवून. नाणं चालतं. तुमचा बूट चालत नाही. भिंग दहा पट मोठं दाखवणारं, सराफी सामानाच्या दुकानात मिळतं तसलं, आणि ते डोळ्याला लावून दगडाच्या जवळ जायचं. हात लांब करून भिंगातून बघणाऱ्यांना काय दिसतं हे मला कधीच कळलेलं नाही.

छिन्नी

दगडाला चिकटून वाढणारं क्रस्टोज दगडफूल चाकूने निघत नाही, त्याची पूड होते. दगडाची पातळ कपची घ्यावी लागते. म्हणून लोक छिन्नी-हातोडा घेऊन निघतात, आणि थेट गडावर जातात. पाताळेश्वर, शनिवारवाडा, भाजे, किल्ल्यांचे तट इथे छिन्नी काढणं हा गुन्हा आहे आणि बेशरमपणाही. तिथे फक्त बघा. कपची हवी तर जुन्या खाणीची कड, रस्त्यासाठी फोडलेला दगड, किंवा परवानगी असलेली खासगी जागा. आपल्याकडचा बेसॉल्ट कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटतो. असा सुटलेला पापुद्रा शोधायला पाऊण तास लागला तरी चालेल. आणि जिथे एकच डाग आहे तिथून काहीच घ्यायचं नाही.

मसाला

एकदाच सांगतो. गोड्या मसाल्यातलं दगडफूल मुख्यतः डोंगराळ जंगलांतल्या झाडांवरून गोळा केलेलं असतं. टेकडीवरून खरवडून आणलेलं मसाल्यात घालू नका. दगडफुलं हवेतले जड धातू साठवून ठेवतात, आणि आपल्या टेकड्यांच्या चारी बाजूंना काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे.

प्लॅस्टिकची पिशवी

दमट नमुना झिपलॉकमध्ये घालून घरी आणला, विसरला, आठवड्याने उघडला तर आत दुसरंच कवक. वर्तमानपत्राची पुडी करा, वाण्याकडे मिळते तशी. सावलीत वाळवा, मग जाड कागदाच्या पाकिटात ठेवा. कीड लागू नये म्हणून मी पाकीट काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवतो. यावरून घरात होणारे वाद ज्याचे त्याने मिटवावेत.

"एसपी" लिहायची लाज

फळं नाहीत, बीजाणू नाहीत, के-सी दोन्ही उणे. अशा पांढऱ्या क्रस्टोज डागाला नाव देता येत नाही, आणि असे डाग भरपूर असतात. तिथे प्रजातीपर्यंत जाता आलं तर "ब्युएलिया एसपी" (एसपी म्हणजे जात ठरली नाही) लिहा, नाही तर "क्रस्टोज, वांझ" लिहून पुढे जा. चुकीचं पूर्ण नाव एकदा यादीत गेलं की पुढच्या दहा याद्यांत ते उतरतं. सूक्ष्मदर्शकाखालच्या बारीक जातींसाठी लखनौच्या डी. डी. अवस्थींची १९९१ ची की आजही उघडावी लागते. ती उघडल्यावर बीजाणूंची मापं विचारली जातात, आणि मापं नसतील तर ती तिथेच बंद होते.

पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत दगडफुलांचा मोठा जुना संग्रह आहे. पटवर्धन आणि मखिजांसारख्या अभ्यासकांनी आयुष्यभर खपून उभा केलेला. तुलनेसाठी तिथे किंवा दुसऱ्या कुठल्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात) नमुना न्यायचा असेल तर आधी पत्र लिहा, वेळ घ्या, नमुना वाळलेला आणि पाकिटावरची माहिती पूर्ण असू द्या. दगडाचा प्रकार, के-सीचे निकाल आणि काप काढला असेल तर बीजाणूंचं माप वेगळ्या चिठ्ठीवर. ओल्या पिशवीत मुठीएवढा धोंडा घेऊन सोमवारी सकाळी दारात उभं राहू नका.